रबरबँड: कोकणातल्या घरात कुठे कुठे लावता आणि टिकवता कसे?

माजघर
बेगमीचे दिवस आहेत. आमच्याकडे (गुहागरजवळ) सध्या सोडे, सुकट, काजूगर, आमसुलं, कुळीथ, पोह्याचे मिरगुंड असं सगळं डब्यांत आणि पिशव्यांत जातंय. प्रत्येक पिशवीच्या तोंडाला एक रबरबँड. टीव्हीचा रिमोट प्लास्टिकच्या पिशवीत, त्याला रबर. वाण्याची वही, लाइटबिलं, घरपट्टीच्या पावत्या, सगळ्यांना रबर. इथे स्टेपलर आणि टाचणी लावायची सोयच नाही. एक पावसाळा गेला की कागदावर पिनेच्या आकाराचा तांबडा डाग आणि पिन हातात भुगा होऊन येते. त्यामुळे किनाऱ्यावरच्या माणसाला रबरबँडशिवाय पर्याय नाही, असं माझं मत.

पण ते टिकत नाहीत. सासूबाई कोथिंबिरीच्या जुडीचं रबर कधी टाकत नाहीत, काढलं की स्वयंपाकघराच्या खिडकीच्या गजाला अडकवून ठेवतात. गणपतीपर्यंत त्या गजावर नुसता चिकट लगदा उरतो. खारी हवा हे कारण असावं का? तुम्ही कुठे कुठे वापरता, काय करून टिकवता, सगळं लिहा. फालतू वाटलं तरी लिहा.

सड्यावरचा
पिशवीला नुसतं रबर गुंडाळलं तर पावसाळ्यात माल सादळणारच. आधी आतली हवा हाताने दाबून काढा, तोंडाला घट्ट पीळ द्या, तो पीळ उलटा दुमडून खाली आणा आणि मग त्या दुमडीवर रबराचे तीन-चार वेढे. नुसत्या चुण्यांवर रबर लावलं तर चुण्यांच्या मधून हवा जात राहते. दुमडीला ती वाट राहत नाही.

हर्णैकर
वरच्या पद्धतीला अनुमोदन. होडीवर जाताना मोबाइल, लायसन आणि होडीचे कागद आम्ही असेच बांधतो, फक्त दोन पिशव्यांत. आतल्या पिशवीचं तोंड खाली, बाहेरच्या पिशवीचं वर. वॉटरप्रूफ पाऊच मिळतात आता, पण त्याची क्लिप मिठाने धरली की उघडत नाही. रबर तुटलं तर दुसरं लावता येतं.

ओटी_ते_परसू
स्वयंपाकघरातलं माझ्याकडून:

बरणीचं झाकण फिरत नसेल तर झाकणाच्या कडेला रुंद रबर चढवा आणि मग फिरवा. ओल्या हातालाही पकड मिळते.

गोधडी शिवताना सुई जाड थरात अडकते, तेव्हा अंगठ्याला आणि पहिल्या बोटाला रबराचे वेढे घेऊन सुई ओढायची. चिमट्याने ओढली तर सुई वाकते.

लोणच्याच्या बरणीवरच्या दादऱ्याला (तोंडावर बांधायच्या फडक्याला) मात्र रबर लावू नका. नाडीच बांधा. रबर काही दिवसांत ढिलं पडतं आणि दादरा सरकतो, मग मुंग्यांना आमंत्रण. असं का होतं ते कुणी सांगेल तर बरं.

भाई_मालवणकार
आमच्याकडे एक पावणो इल्लो, तो म्हणता कुर्ल्यांच्या डेंग्यांका रबरबँड कित्याक नाय लावनास? भायर देशात लावतत म्हणे. आमी सुतळेन बांधतो नायतर काथ्यान. ओल्या डेंग्यावरसून पातळ रबर घसारता, आणि कुर्ली मोकळी झाली म्हणजे मगे कोणाचा बोट जाता ता देवाक ठावक.

हर्णैकर
भाई, पाहुणा अर्धा बरोबर आहे. बाहेरच्या देशात रबर लावतात ते लॉबस्टरला. त्याच्या नांगीची मिटायची ताकद भयंकर असते, पण उघडायची ताकद अगदी कमी. त्यामुळे एक जाड रबर पुरतं. आपल्या शेवंडीला तशी मोठी नांगी नसतेच, तिला रबर लावणार कुठे? कुर्लीचाही उघडायचा जोर कमीच असतो, पण तिचा डेंगा जाड, गुळगुळीत आणि निमुळता. त्याला सुतळीची गाठच बरी.

भाई_मालवणकार
मगे पावण्याक सांगतंय. ऐकूचो नाय तो.

गंधकशाळा
रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालो आहे, तेव्हा थोडं लांबेल.

रबर म्हणजे लांबच लांब रेणूंचा गुंता, ताटात वाढलेल्या शिरवाळ्यांसारखा. झाडाच्या नुसत्या चिकाचं रबर थंडीत कडक होतं आणि उन्हाळ्यात चिकट. त्यात गंधक घालून तापवलं की शेजारच्या रेणूंना जागोजागी गंधकाचे टाके पडतात. मग ताणलं तरी रेणू एकमेकांवरून कायमचे सरकून जात नाहीत, सोडलं की परत जागेवर येतात. चार्ल्स गुडइयरला हे १८३९ मध्ये सापडलं, त्याचं अमेरिकेतलं पेटंट १८४४ चं. लगेच पुढच्या वर्षी, १७ मार्च १८४५ रोजी, लंडनच्या स्टीफन पेरीने अशा रबराच्या पट्ट्यांचं पेटंट घेतलं. कागद आणि पाकिटं एकत्र धरून ठेवायला. म्हणजे माजघरताई, तुमच्या घरपट्टीच्या पावत्या मूळ कामालाच लागल्या आहेत. बनवण्याची रीतही सोपी: रबराची लांब नळी काढायची, ती पक्की करायची आणि तिच्या चकत्या पाडायच्या.

आता बिघडतं का. हवेतला ऑक्सिजन हे लांब रेणू तोडत राहतो. तुकडे जास्त झाले की रबर चिकट होतं. कधी उलट, रेणूंमध्ये जादा टाके पडत जातात, मग ते कडक होऊन वाकवताच तुटतं. दोन्हींचा वेग उष्णतेने आणि उन्हाने वाढतो. हवेत ओझोन थोडासाच असतो, पण तोही रबराला भेगा पाडतो, आणि या भेगा ताणलेल्या रबरालाच पडतात. म्हणून बंडलावर घट्ट बसलेलं रबर आधी जातं आणि डब्यात सैल पडलेलं मागे राहतं.

खाऱ्या हवेवर मात्र उगाच आळ आला आहे. मीठ लोखंड खातं, रबराला फारसं काही करत नाही. तुमच्या सासूबाईंची रबरं खिडकीतल्या उन्हाने जातात. तीही ताणलेली, आणि चुलीच्या उष्णतेजवळ. तिन्ही गोष्टी एकाच गजावर जमल्या आहेत.

लोणच्याचं उत्तर: नैसर्गिक रबर तेल पितं. तेल आत शिरलं की ते फुगतं, मऊ होतं आणि पकड सोडतं. म्हणून दादऱ्याला नाडी हेच बरोबर.

ठेवायचं कसं: घट्ट झाकणाचा डबा, अंधारी आणि थंड जागा, रबर सैल. फ्रीजच्या दारात ठेवलीत तर आणखी टिकतील, फक्त वापरण्याआधी थोडा वेळ बाहेर काढा. चिमूटभर टाल्कम पावडर टाकलीत तर एकमेकांना चिकटत नाहीत. आणि तांब्याच्या भांड्याला किंवा तांब्याच्या तारेला रबर लावून ठेवू नका. तांब्याचा अंश रबर सडण्याचा वेग वाढवतो.

माजघर
सर, सगळं पटलं. आता हे सासूबाईंना कोण सांगणार?

ओटी_ते_परसू
सांगू नका. गजाच्या शेजारी एक जुना डबा ठेवा आणि त्यात स्वतःच रबर टाकायला लागा. आमच्याकडे असंच झालं. आता सासूबाई मला ओरडतात, "रबर डब्यात टाक" म्हणून.

पेणची_पोर
आमच्याकडे फ्रीजमध्ये रबरबँड ठेवला तर पाहुणे विचारतील, हा कुठला पदार्थ. तरी ठेवते.

निवृत्त_रोखपाल
दुकानदार मंडळींसाठी एक. नोटांच्या बंडलाला रबर लावून तिजोरीत महिनोन् महिने ठेवू नका. रबर विरघळून वरच्या आणि खालच्या नोटेला चिकटतं, काढताना नोट फाटते. पूर्वी बँकेतून येणाऱ्या पाकिटांना स्टेपल असायचे. रिझर्व्ह बँकेने २००१ मध्ये बँकांना स्टेपल बंद करून कागदी पट्टी वापरायला सांगितलं. घरीही तेच करा: जुन्या वहीच्या कागदाची दोन बोटं रुंद पट्टी, टोकाला डिंक. गल्ल्यातल्या रोजच्या बंडलाला रबर चालतं, कारण ते रोज सुटतं.

जुने फोटो आणि पत्रव्यवहार यांनाही रबर नको. कागदावर तपकिरी पट्टा उठतो, तो जात नाही.

समई
गणपती-गौरीची चांदीची भांडी ज्यांच्याकडे आहेत त्यांनी हे वाचा. निरांजन, अत्तरदाणी, पंचपात्री फडक्यात गुंडाळून वर रबर लावायची आमच्याकडे पद्धत होती. भाद्रपदात उघडली की जिथे रबर, तिथे बरोबर काळा पट्टा, फडक्याच्या आतूनसुद्धा.

गंधकशाळा
रबरातल्या गंधकाची चांदीशी गाठ पडली की काळं सिल्व्हर सल्फाइड बनतं. फडकं मध्ये असलं तरी गंधकाची वाफ पोचते. सुती फडकं आणि सुती दोरा वापरा.

काळं झालेलं काढायला चिंच किंवा पावडर घासत बसू नका, घासल्याने चांदी झिजते. पातेल्याच्या तळाला ॲल्युमिनियमची फॉइल पसरा, भांडं त्या फॉइलला टेकेल असं ठेवा, वर कडकडीत गरम पाणी, खायचा सोडा आणि थोडं मीठ. काळेपणातला गंधक ॲल्युमिनियमकडे जातो आणि चांदी चांदीच राहते. सडक्या अंड्याचा वास येईल, घाबरू नका. खडे बसवलेल्या किंवा मुद्दाम काळपट ठेवलेल्या नक्षीच्या वस्तूंना हे करू नका.

समई
आत्ताच एका निरांजनावर करून बघितलं. पट्टा गेला! वासाबद्दल आधी सांगितलंत ते बरं केलंत, नाहीतर शेजारीण विचारायला आली होती.

तिलारीकाठ
इथे कुणी चीक म्हटलं म्हणून लिहितो. रबराचं झाड बघायला आता केरळला जायची गरज नाही. आमच्या दोडामार्ग तालुक्यात काजूच्या शेजारी रबराच्या रांगाच्या रांगा उभ्या आहेत. केरळहून आलेल्या लोकांनी जमिनी घेऊन लावलेल्या, आता काही स्थानिकही लावतात.

काम पहाटे चालतं. डोक्याला बॅटरी लावून माणूस झाडाझाडापाशी जातो आणि वाकड्या पात्याच्या सुरीने सालीची एक पातळ तिरकी कातळी काढतो. खोल गेली तर झाड जखमी होतं, वर राहिली तर चीक येत नाही. हाताचा अंदाजच कामाला येतो. पांढरा चीक त्या तिरक्या खाचेतून खालच्या पन्हळीवर आणि तिथून वाटीत ठिबकतो. पहाटेच का, तर तेव्हा खोडात पाण्याचा दाब भरलेला असतो. ऊन चढलं की दाब उतरतो आणि धार थांबते. वाटी आता प्लास्टिकची असते. केरळात पूर्वी यासाठी नारळाच्या करवंट्या लावत. पावसाळ्यात खाचेच्या वर खोडाभोवती प्लास्टिकचा झगा चिकटवतात, नाहीतर वाटीत चिकापेक्षा पाणी जास्त.

मग चिकात पाणी आणि फॉर्मिक ॲसिड घालून तो पसरट ट्रेमध्ये थिजवतात, रोलरमधून काढून शीट करतात आणि धुराच्या खोलीत वाळत टाकतात. त्या शीटांचा वास एकदा नाकात बसला की जात नाही. लागवडीनंतर पहिला चीक घ्यायला साधारण सात वर्षं थांबावं लागतं, म्हणून लहान शेतकरी बिचकतो.

झाड मुळात ब्राझीलचं. हेन्री विकहॅम नावाच्या इंग्रजाने १८७६ मध्ये तिथून सुमारे ७०,००० बिया लंडनच्या क्यू बागेत आणल्या. त्यातल्या थोड्याच रुजल्या आणि ती रोपं सिलोन आणि सिंगापूरकडे गेली. पुढे आशियाच रबराचं घर झालं. आपल्या देशातलं बहुतेक रबर अजून केरळचंच, रबर बोर्डही तिकडे कोट्टायमला.

मला स्वतःला ही लागवड फारशी आवडत नाही. जंगल साफ करून मैलभर एकच झाड उभं केलं की खाली गवत नाही, वर पक्षी नाही. हत्ती आमच्या भागात आधीच वाट शोधत फिरतात. पण ज्याच्या घरात दर महिन्याला पैसा येतो त्याला हे ऐकवणारा मी कोण, असंही वाटतं.

सड्यावरचा
मग फणसाच्या चिकाचं रबर का करत नाहीत? आमच्या आवारात दर मे महिन्यात कारखाना निघेल.

गंधकशाळा
फणसाच्या चिकातही थोडं रबर असतं, पण राळेसारखे पदार्थ फार जास्त. म्हणून तो ताणला जाण्यापेक्षा चिकटतो. फणस फोडण्याआधी विळीला आणि हाताला खोबरेल लावता ते त्यासाठीच, चीक तेलात सैल होतो. दादऱ्यावरच्या रबराचंही तेलाने तसंच होतं.

सोवळं_ओवळं
अवांतर: आमच्या लहानपणी घरात रबरबँड नव्हतेच. अळूची पानं, चवळीच्या शेंगा, अबोलीचा वळेसार, सगळं केळीच्या सोपाने (खोडाच्या सालपटाने) बांधलेलं यायचं. सोप वाळलेला असला तर आधी पाण्यात भिजवायचा, मग त्याचे बोटभर रुंद पट्टे ओढायचे आणि पट्ट्याचे दोरे करायचे. ओला असताना बांधला की वाळताना आणखी आवळतो. भाताच्या पेंढ्या आणि गवताचे भारे केवणी या रानझुडपाच्या सालीने. माटवीला (गणपतीच्या वर टांगलेल्या लाकडी चौकटीला) तवसं म्हणजे मोठी काकडी, कवंडळ, नारळाची पेंड टांगायला अजूनही केवणीच लागते. मागे एका वर्षी पोरांनी माटवीला रबरबँड वापरले. वजनाने ते रोज थोडे थोडे लांबत गेले आणि अनंत चतुर्दशीच्या आधीच तवसं मखरात उतरलं.

तिलारीकाठ
तवशाचीच इच्छा असेल मखरात बसायची.

पेणची_पोर
घाटावरून येणाऱ्या कोथिंबिरीला रबर आणि आपल्या मळ्यातल्या भाजीला सोप, हा फरक आमच्या बाजारात आजही दिसतो. जुडी घेताना मी सोपाची आधी बघते. भाजी ताजी असते म्हणून. पण हेही खरं की रबराची जुडी घरी येईपर्यंत सुटत नाही.

कलमवाला
बागायतदारांसाठी. आंब्याचं कोय कलम बांधायला आपण प्लास्टिकची पट्टी वापरतो. जोड लागला की ती आठवणीने सोडावी लागते, राहिली तर खोडाला काच पडतो आणि कलम तिथेच मोडतं. नर्सरीत हजारो रोपं असली की काही राहतातच. बाहेरच्या देशात डोळे भरायला (एका झाडाचा डोळा दुसऱ्यावर बसवायला) रबराच्या पट्ट्या मिळतात. त्या उन्हाने आपोआप सडून गळून पडतात, सोडायचं काम उरत नाही. वर सरांनी जो दोष सांगितला तोच तिथे कामाला लावला आहे. मी साधा रबरबँड एका जागी कापून, त्याची पट्टी करून लहान फांदीवर वापरून बघतोय. पकड चांगली येते, पण जोडात पावसाचं पाणी शिरू नये म्हणून वर प्लास्टिक लावावंच लागतं. म्हणजे सोडायचं काम काही वाचलं नाही.

परिचारिका
गमतीत गंभीर गोष्ट सांगते, माफ करा. लहान मुलांच्या मनगटात किंवा घोट्यात रबरबँड घालू नका, आणि मुलांनी स्वतः घातलेला दिसला तर लगेच काढा. रात्री झोपेत तो तसाच राहतो, हात सुजतो, रबर कातडीत रुततं आणि वर कातडी वाढून ते दिसेनासं होतं. आई-बाप दाखवायला आणतात तेव्हा मनगटाभोवती गोल, न भरणारी जखम असते आणि आत रबर आहे हे कुणाच्या ध्यानातही नसतं. वैद्यकीय नियतकालिकांत याला रबरबँड सिंड्रोम म्हणूनच नोंदवलेलं आहे, आणि त्यातल्या बऱ्याच नोंदी आपल्या देशातल्या आहेत. मनगटाला किंवा घोट्याला गोल जखम असेल तर डॉक्टरांना "आत काही अडकलंय का बघा" असं आपणहून सांगा.

आणि केसांना बाजारातलं साधं रबर नको. केस गुंतून तुटतात. कापड गुंडाळलेलं घ्या.

माजघर
हे माहीतच नव्हतं. माझी पुतणी हातभर रबरं घालून फिरत असते. आत्ता जाऊन काढते.

शाळामास्तर
मुलांच्या हातून रबर काढून घेतलंत तर बदल्यात हे द्या.

एक. रुंद रबर ओठाला टेकवून झटकन ताणायचं: गरम लागतं. ताणलेलंच थोडा वेळ धरून ठेवायचं आणि मग ओठाला लावून सैल सोडायचं: गार लागतं. दुसरा प्रयोग: रबराला वजन टांगायचं आणि केस वाळवायच्या यंत्राने गरम हवा सोडायची. लोखंड तापलं की लांबतं, पण ताणलेलं रबर तापलं की आखडतं आणि वजन वर उचलतं. जॉन गॉफ नावाच्या इंग्रजाने १८०५ मध्ये हे नोंदवलं, तो आंधळा होता. पुढे १८५९ मध्ये जूलने मोजमाप करून ते पक्कं केलं.

दोन. भरतीबरोबर वाहून आलेल्या थर्मोकोलची होडी. मागच्या बाजूला खाच पाडून दोन्ही टोकांवर रबर ताणायचं, मध्ये आइस्क्रीमच्या काडीचं वल्हं, दहा-वीस पीळ आणि तळीत सोडायची. समुद्रात नको, परत मिळत नाही. रबराच्या पिळावर उडणारं विमान १८७१ मध्येच फ्रान्समध्ये पेनो याने उडवलं होतं. राइट बंधूंना लहानपणी वडिलांनी आणून दिलेलं खेळण्यातलं हेलिकॉप्टर त्याच जातीचं.

हर्णैकर
मास्तर, होडी पोरांना आवडेल. पण रबर तुटलं की तुकडे पाण्यात टाकू नका असंही शिकवा. इंग्लंडच्या कॉर्नवॉल किनाऱ्याजवळ मुलियन नावाचं छोटं बेट आहे, माणूस राहत नाही, तिथे हजारो रबरबँड पडलेले सापडले. २०१९ मध्ये ही बातमी आली होती. जवळच्या शेतांत फुलांच्या जुड्या बांधतात, तिथली पडलेली रबरं कुरव पक्षी गांडुळं समजून गिळतात आणि रात्री बेटावर येऊन ओकतात. हिवाळ्यात आमच्या बंदरात मासळी निवडताना कुरवांचा थवा डोक्यावरच असतो. गांडूळ आणि रबर यातला फरक त्यांना इथे येऊन कळेल असं नाही.

भाई_मालवणकार
ह्या खरा. गुरांचापण तसाच. भाजयेच्या देठांबरोबर रबर गोठ्यात जाता. आमची म्हातारी आधी रबर काढून घेता, मगेच देठां गायीक.

रंगारी_चिपळूण
आमच्या धंद्यातलं एक राहिलं. रंगाचा डबा उघडला की तोंडावरून मधोमध एक रुंद रबर उभं चढवायचं, डब्याच्या बुडाखालून. ब्रश त्या रबरावर निपटायचा, कडेवर नाही. मग कडेच्या खोबणीत रंग साचत नाही आणि झाकण पुढच्या वेळी नीट बसतं. ऑइलपेंट असेल तर काम संपल्यावर ते रबर फेकायचंच.

स्क्रूची खाच झिजली असेल तर स्क्रूड्रायव्हर आणि स्क्रू यांच्यामध्ये रुंद रबर ठेवून दाबून फिरवा. गंजलेल्या बिजागऱ्यांवर सगळ्यांत उपयोगी. जाम गंजला असेल तर मात्र आधी तेल, मग ते पुसून रबर.

ओटी_ते_परसू
दादा, हे रुंद रबर तुम्हाला मिळतं कुठे? आमच्याकडे वाण्याकडे ती पातळ रंगीतच असतात, वजनावर.

रंगारी_चिपळूण
विकत कशाला? पंक्चरवाल्याकडे जुन्या ट्यूब पडलेल्या असतात. सायकलच्या ट्यूबचे बारीक बँड होतात, स्कूटरच्या ट्यूबचे रुंद. ते रबर वाण्याकडच्यापेक्षा जाड आणि उन्हाला जास्त टिकणारं. वाल्व्हजवळचा भाग आणि जोड सोडून द्या. ट्यूब आधी आतून-बाहेरून धुऊन घ्या, आत पांढरी पावडर असते. मग आडवी धरून कात्रीने चकत्या पाडा. कात्री अडत असेल तर पात्याला साबणाचं पाणी लावा, सर्रकन जाते.

सड्यावरचा
लाकडाची मोळी, पाण्याचा पाइप, होडीचं वल्हं, बेडं वाळवायची जाळी, आमच्याकडे सगळ्याला तेच रबर. काळं असतं, खाण्याच्या पिशवीला लावू नका, वास लागतो.

ओटी_ते_परसू
झाकणाला तरी चालेल ना?

रंगारी_चिपळूण
झाकणाला चालेल. वापरून झालं की काढून ठेवा. आणि लोणच्याच्या बरणीला नाही, वहिनी.